आधी पकड, मग पाय, मग फटका: इंदूरच्या नवशिक्यांसाठी बॅडमिंटनची पायाभरणी

थंडी पडली की इंदूरमध्ये लोकमान्यनगरापासून सुदामानगरापर्यंत गल्लोगल्ली दोन खांबांना नेट बांधलं जातं, वर एक दिवा लटकतो आणि रात्रीची जेवणं आटोपून घरोघरची माणसं रॅकेट घेऊन खाली उतरतात. इथल्या बहुतेकांचा हात असाच बसलेला असतो. मग कधीतरी चौघं मिळून इनडोअर हॉलमधला तासाभराचा स्लॉट घेतात, आणि गल्लीत सरसर जाणारी चिडी तिथे समोरच्याच्या अर्ध्या कोर्टातच पडते. आपली ताकद कमी पडते, असं तेव्हा वाटतं. खरं कारण वेगळं असतं. गल्लीत समोरचा माणूस चार-पाच मीटरवर उभा असतो. कोर्टाची लांबी १३.४० मीटर असते. कमी अंतरात चुकीची पकड आणि खिळलेले पाय खपून जातात, पूर्ण कोर्टावर खपत नाहीत.

म्हणून या लेखात स्मॅश, म्हणजे वरून खाली जोरात आपटलेला फटका, फार उशिरा येतो. पकड, फेक आणि पाय या तीन गोष्टी बसल्या की क्लिअर (समोरच्याच्या मागच्या रेषेपर्यंत जाणारा उंच फटका) आणि ड्रॉप (नेटपलीकडे जवळच पडणारा हलका फटका) फारसं शिकवावंच लागत नाही. पुढचं सगळं वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी उजवं-डावं उलट वाचावं.

सामानाबद्दल, गरजेपुरतं

बुटांवर आधी खर्च करा, रॅकेटवर नंतर. पळण्याच्या बुटांची टाच जाड आणि उंच असते. बाजूला झेपावताना पाऊल त्या उंचीवरून कलंडतं आणि घोटा मुरगळतो. बॅडमिंटनच्या बुटाचा तळ पातळ, सपाट आणि गम रबराचा असतो. तो लाकडी किंवा मॅटच्या कोर्टावर धरतो आणि डागही पाडत नाही. रस्त्यावर घातलेले बूट हॉलमध्ये घालू नका, कारण तळाला बसलेली धूळ साबणासारखी घसरवते.

रॅकेट ४ यू वजनाची, म्हणजे साधारण ८० ते ८४ ग्रॅमची, मधल्या तोलाची आणि लवचीक दांड्याची घ्या. टोकाकडे जड असलेली ताठ रॅकेट टीव्हीवरच्या खेळाडूंच्या हातात शोभते, कारण त्यांच्या हाताला तो वेग आलेला असतो. नवख्याच्या हातात तिचा दांडा वाकतच नाही आणि सगळा भार कोपरावर येतो. तार २० ते २२ पौंडांवर ओढून घ्या. दुकानदार २६ची शिफारस करेल, तरी नको. ताण जितका जास्त तितका तारांमधला फटका नीट बसणारा भाग लहान, आणि नवशिक्याचा फटका क्वचितच मधोमध बसतो.

आता चिडी, म्हणजे फूल. पिसांच्या फुलाला १६ पिसं असतात आणि वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम असतं. नायलॉनचं फूल टिकाऊ असतं, पण ते पिसांच्या फुलासारखं शेवटी एकदम खाली कोसळत नाही. पहिले दोन महिने नायलॉनवर काढले तरी चालेल, मात्र क्लिअर आणि हाय सर्व्हिसचा सराव आठवड्यातून एकदा तरी पिसांच्या फुलाने करा.

फुलाच्या डब्यावर ७५, ७६, ७७, ७८ असे आकडे असतात. आकडा मोठा तसं फूल वेगवान. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहे. उंचीवर आणि उकाड्यात हवा विरळ होते आणि फूल लांब जातं. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये इथे ७५ किंवा ७६ बरं पडतं आणि जानेवारीच्या सकाळी ७७ लागू शकतं. अंदाज करत बसू नका, नियमातलीच चाचणी करा. मागच्या रेषेवरून खालून वर, बाजूच्या रेषेला समांतर, पूर्ण जोराने फूल मारा. ते पलीकडच्या मागच्या रेषेच्या ५३ ते ९९ सेंटीमीटर अलीकडे पडलं तर वेग बरोबर आहे. ही चाचणी फटका पक्का असलेल्या खेळाडूकडून करून घ्या, कारण नवख्याच्या हातून योग्य फूलही अलीकडेच पडतं.

उन्हाळ्यात माळव्याची कोरडी हवा पिसांना ठिसूळ करते आणि दोन रॅलीत फूल मोडतं. त्यावर उपाय वाफेचा आहे. आदल्या रात्री पातेल्यात पाणी उकळा, डब्याचं पिसांकडचं झाकण काढून ती बाजू १०-१५ सेकंद वाफेवर धरा, झाकण लावा आणि डबा रात्रभर तसाच ठेवा. पिसं ओली होऊन एकमेकांना चिकटली तर वाफ जास्त झाली असं समजा.

पकड

नवशिक्यांच्या दहातल्या नऊ चुका इथे सुरू होतात, त्यामुळे इथे घाई करू नका.

रॅकेट डाव्या हाताने दांड्याला धरा. तारांचं तोंड जमिनीला काटकोनात हवं, म्हणजे वरून पाहिलं तर फ्रेमची फक्त धार दिसेल. आता उजव्या हाताने रॅकेटच्या मुठीशी हस्तांदोलन करा. अंगठा आणि तर्जनी यांच्यात तयार होणारा व्हीचा कोन मुठीच्या वरच्या अरुंद बाजूवर, किंचित डावीकडे यायला हवा. तर्जनी बाकीच्या बोटांपासून थोडी पुढे सरकलेली, बंदुकीच्या चापावर असते तशी. तळहात आणि मूठ यांच्यात एक बोट सरकेल एवढी जागा ठेवा. घट्टपणा दहापैकी तीन. फटक्याच्या क्षणी तो सात-आठवर जातो आणि लगेच परत तीनवर येतो.

आता तपासा. रॅकेट डोक्यावर न्या आणि लाकूड फोडायला कुऱ्हाड घालतो तशी हळूच खाली आणा. फ्रेमची धार पुढे आली तर पकड बरोबर आहे. तारांचं तोंड सपाट पुढे आलं, तर ती तव्याची पकड आहे. पोळी उलटताना उलथनं धरतो तशी.

तव्याची पकड का नको, हे एकदा नीट कळलं की ती सुटते. बॅडमिंटनमधला वेग मनगट मोडण्यातून येत नाही. तो कोपरापासून मनगटापर्यंतचा हात स्वतःभोवती फिरण्यातून येतो, कुलपात किल्ली फिरवताना हात फिरतो तसा. "मनगट मार" हा गल्लीतला सल्ला म्हणूनच दिशाभूल करणारा आहे. बरोबर पकडीत धार पुढे असते आणि शेवटच्या क्षणी हात आत फिरला की तोंड सपाट होऊन फुलावर येतं. त्या फिरण्याचा सगळा वेग फुलाला मिळतो. तव्याच्या पकडीत तोंड आधीच सपाट असतं. हात फिरवला तर तोंड बाजूला वळतं, म्हणून शरीर आपोआप हात न फिरवता फक्त मनगट खाली दुमडतं. अशाने फटका चार-पाच मीटर छान जातो, सात-आठ मीटर जात नाही. नेटच्या अगदी वर आलेलं फूल खाली आपटायला मात्र हीच पकड कामाची असते. तेव्हा तिला कायमची हद्दपार करू नका, फक्त घर करू देऊ नका.

बॅकहँडसाठी मूठ बोटांमध्येच किंचित फिरवा आणि अंगठ्याचा सपाट भाग मुठीच्या रुंद बाजूवर टेकवा. बाकीची बोटं सैल ठेवा. धक्का अंगठ्याने द्यायचा असतो. फूल शरीरापुढे असताना ही पकड चालते. फूल बाजूला किंवा मागे गेलं असेल तर अंगठा सपाट बाजूवरून कोपऱ्यावर सरकवावा लागतो, नाहीतर मनगट अडतं.

सराव घरीच होतो. बातम्या पाहताना रॅकेट हातात ठेवा आणि न पाहता फोरहँड-बॅकहँड अशी पकड ५० वेळा बदला. फिरवायला दुसऱ्या हाताची मदत घ्यायची नाही. मग अंगणात किंवा गच्चीवर फूल वर उडवत ठेवा, एकदा फोरहँडने आणि एकदा बॅकहँडने. आधी सलग ३०, मग ५०, मग १००. शंभर न पडता झाले की पकड कोर्टावर न्यायला तयार झाली. सोबत भिंतीचा सराव ठेवा. भिंतीपासून दीड-दोन मीटरवर उभं राहून नायलॉनचं फूल छातीच्या उंचीवर बॅकहँडने मारत राहायचं, रॅकेट कमरेखाली जाऊ न देता. मिनिटभरातच हात भरून आला तर मूठ आवळली जात आहे.

फेक, आणि तिच्यातून निघणारा क्लिअर

डोक्यावरून मारायचा प्रत्येक फटका म्हणजे फेक आहे. झाडावरच्या कैरीला दगड मारताना आपण कधी छाती समोर करून दोन्ही पाय जोडून उभे राहत नाही. आपोआप आडवे होतो, डावा हात पुढे जातो, कोपर वर येतं. कोर्टावर नेमकं हेच विसरलं जातं.

म्हणून रॅकेटशिवाय सुरुवात करा. जुनं फूल बुचाकडून धरा आणि शॉर्ट सर्व्हिस लाइनवरून, म्हणजे नेटपासून १.९८ मीटरवरून, ते नेटपलीकडे जितकं उंच आणि लांब जाईल तितकं फेका. २० फेकी. फूल हलकं असल्यामुळे नुसत्या हाताच्या जोराने ते जात नाही. कमरेपासून खांदा, खांद्यापासून कोपर, कोपरापासून हात अशी साखळी लागते. जी मुलं लहानपणी क्रिकेटमध्ये बाउंड्रीवरून चेंडू फेकत आली आहेत त्यांना हे पटकन जमतं. ज्यांनी कधी काही फेकलेलंच नाही त्यांनी या पायरीला दोन आठवडे द्यावेत. त्यात कमीपणा काही नाही.

आता रॅकेट घ्या. जोडीदाराला हाताने किंवा खालून रॅकेटने उंच फूल द्यायला सांगा, दहाचा एक संच, असे तीन.

फूल उंच येताना दिसलं की आधी शरीर वळवा. उजवा पाय मागे, खांदे नेटला काटकोनात, वजन उजव्या पायावर. डावा हात वर, बोट फुलाकडे. हा हात शोभेचा नाही. तो खांदे वळलेले ठेवतो आणि फूल कुठे आहे याचा अंदाज देतो. उजवं कोपर खांद्याच्या उंचीला, रॅकेटचं डोकं कानामागे. फूल खाली येऊ लागलं की उजवी टाच उचलून कंबर पुढे फिरवा, कोपर वर आणि पुढे येऊ द्या. तेव्हा रॅकेट आपोआप पाठीमागे लोंबेल. मग हात वर झेपावतो, आत फिरतो आणि फुलाला डोक्याच्या थोडं पुढे, हात जवळजवळ सरळ असताना, पोचेल तितक्या उंचावर गाठतो. तिथेच मूठ क्षणभर आवळली जाते. त्यानंतर रॅकेट डाव्या मांडीकडे उतरते आणि उजवा पाय पुढे पडतो. तो पाय पुढे आला नाही, तर वजन मागेच राहिलं असं समजा.

काय बिघडलं, हे फूलच सांगतं. उंच जातं पण अर्ध्यातच पडतं, तर तुम्ही फुलाच्या खाली किंवा पुढे उभे होता आणि फटका डोक्यामागे बसला. अशा वेळी जोर वाढवू नका, दोन पावलं लवकर मागे जा. सपाट जाऊन समोरच्याच्या हातात बसतं, तर फूल फार खाली येऊ दिलं, किंवा कोपर खांद्याखाली राहिलं. सारखं डावीकडे जातं, तर हात फार लवकर फिरतो आहे. फटक्याचा आवाज 'टण्' न येता फाटका येतो, तर फ्रेम लागते आहे. बहुतेकदा त्याचं कारण म्हणजे फटक्याआधीच नजर समोरच्या खेळाडूकडे जाणं. आणि फटका मारून पाठ मागे वाकत असेल तर सराव तिथेच थांबवा, कारण कंबर दुखायला वेळ लागत नाही.

पूर्ण कोर्टाचा क्लिअर पहिल्या महिन्यात बहुतेकांना जमत नाही. मोजायचं तर असं मोजा: दुहेरीची मागची सर्व्हिस लाइन मागच्या रेषेपासून ७६ सेंटीमीटर आत असते. तुम्ही स्वतःच्या मागच्या रेषेजवळून मारलेल्या दहापैकी सहा फुलं या दोन रेषांमधल्या पट्ट्यात पडू लागली, तर क्लिअर आला.

ड्रॉपची तयारी शेवटच्या क्षणापर्यंत हीच असते. फरक एवढाच की फूल थोडं अधिक पुढे गाठायचं, हात थांबवायचा नाही, फक्त मूठ आवळायची नाही. नवशिके ड्रॉप मारताना आधीच रॅकेट हळू करतात आणि समोरच्याला पत्ता लागतो. प्रकाश पदुकोण १९८० मध्ये ऑल इंग्लंड जिंकले ते जोरापेक्षा अशा हातचलाखीवर आणि जागा हेरण्यावर. त्यांच्या जुन्या सामन्यांच्या चित्रफिती पाहताना फक्त फटक्याआधीची रॅकेट पाहा.

पाय

हात शिकवणारे पुष्कळ भेटतात, पाय शिकवणारे कमी. खरं तर वरचा सगळा क्लिअर तेव्हाच चालतो, जेव्हा पाय तुम्हाला वेळेवर फुलाच्या मागे पोचवतात.

उभं राहण्याची जागा एकेरीत आपल्या अर्ध्या भागाच्या मध्याच्या किंचित मागे. पाय खांद्यापेक्षा थोडे रुंद, गुडघे सैल, वजन चवड्यांवर, टाचा जमिनीला जेमतेम लागलेल्या. रॅकेट पोटापुढे, तिचं डोकं मुठीपेक्षा वर. गल्लीत रॅकेट पायाशी लोंबत ठेवायची सवय लागते. कोर्टावर त्या सवयीची किंमत प्रत्येक फटक्याला मोजावी लागते.

समोरचा फूल मारतो त्याच क्षणी एक छोटी उडी घ्या, टाचा दोन बोटं उचलतील एवढीच, आणि दोन्ही चवड्यांवर उतरा. उतरताना गुडघे दाबले जातात आणि स्प्रिंगसारखे कोणत्याही दिशेला ढकलतात. ही उडी नसेल तर पहिलं पाऊल उचलायलाच उशीर होतो आणि माणूस स्वतःला मंद समजू लागतो. वेळ चुकली तर ती उपयोगी पडत नाही: फूल निघाल्यावर उडी घेतली तर तुम्ही हवेत असताना फूल पुढे निघून जातं.

नेटकडे जाताना शेवटचं पाऊल नेहमी उजवं, मोठं, आणि टाच आधी. पायाची बोटं जायच्या दिशेला, गुडघा बोटांच्याच रेषेत, बोटांच्या पुढे गेलेला नाही. डावा पाय मागे आतल्या कडेवर घसटत येतो आणि डावा हात मागे पसरून तोल धरतो. इथे डावा पाय पुढे टाकला तर पोच कमी होते आणि परत येताना शरीर अडकतं. चवड्यावर आदळलात तर गुडघ्याला झटका बसतो. गुडघा आत वळला तर आणखी वाईट. सिमेंटच्या कोर्टावर हा मोठा लंज, म्हणजे गुडघा वाकवून टाकलेलं लांब पाऊल, करूच नका, तिथे अर्ध्यावर थांबा.

मागे जाताना उलटं चालू नका. उजवा पाय मागे वळवा, आडवे व्हा आणि एक पाय दुसऱ्याकडे सरकवत जा. पाठमोरं उलटं पळताना टाच अडकून पडलेली माणसं प्रत्येक हॉलमध्ये दिसतात, आणि मनगट मोडतं ते तिथेच.

सराव फुलाशिवाय: मध्यातून नेटचा उजवा कोपरा, परत मध्य, नेटचा डावा, परत, दोन्ही बाजू, मग मागचे दोन कोपरे. २० सेकंद हालचाल आणि ४० सेकंद विश्रांती, असे सहा फेरे. प्रत्येक कोपऱ्यात काल्पनिक फटका पूर्ण मारायचा, आणि मध्यात परत आल्यावर ती छोटी उडी घ्यायचीच. तिसऱ्या आठवड्यात फेरे आठ करा. वेग वाढवण्यापेक्षा पावलं कमी करण्याकडे लक्ष द्या: मध्यापासून नेटच्या कोपऱ्यापर्यंत तीन पावलं पुरतात.

सर्व्हिस

नियम आधी. फटक्याच्या क्षणी पूर्ण फूल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली हवं. मध्यम उंचीच्या माणसाला ही उंची शेवटच्या बरगडीच्या आसपास येते. रॅकेट आधी बुचाला लागली पाहिजे, दोन्ही पायांचा काही भाग जमिनीला टेकलेला आणि स्थिर पाहिजे, आणि एकदा सुरू केलेली हालचाल मध्येच थांबवता येत नाही. बोटांनी फूल गरकन फिरवून सोडण्याच्या सर्व्हिसवर २०२३ मध्ये बंदी आली, त्यामुळे कुणी ती दाखवली तरी शिकू नका.

दुहेरीसाठी बॅकहँडची छोटी सर्व्हिस. शॉर्ट सर्व्हिस लाइनच्या जवळ, उजवा पाय पुढे. डाव्या हाताच्या अंगठा-तर्जनीने फूल पिसांच्या टोकाला धरा, बुच रॅकेटच्या समोर. मूठ थोडी वर, चिमटीत धरल्यासारखी. मागे ओढ जेमतेम वीतभर, आणि मग अंगठ्याने ढकला. फूल हातातून वर उडवायचं नाही, खाली पाडायचंही नाही. रॅकेट लागेपर्यंत ते बोटांत राहतं. नवशिक्यांचं निम्मं अपयश या एका गोष्टीत आहे. फुलाचा सर्वात उंच बिंदू नेटच्या तुमच्याच बाजूला आला पाहिजे, म्हणजे नेट ओलांडताना ते उतरत असेल. सरावाला नेटच्या वर ३० सेंटीमीटरवर एक दोरी बांधा आणि मधून फूल काढा, रोज ४० वेळा. उंच जातं तर मनगट उसळतं आहे. नेटमध्ये जातं तर बहुतेकदा फूल कमरेच्याही खाली धरलेलं असतं.

एकेरीची उंच सर्व्हिस गल्लीतल्या हाताला जवळची आहे. शॉर्ट सर्व्हिस लाइनपासून सुमारे मीटरभर मागे, मधल्या रेषेजवळ, डावा पाय पुढे. फूल शरीरापासून हातभर पुढे आणि थोडं उजवीकडे सोडा. रॅकेट मागून खालून येते, मांडीच्या उंचीवर फुलाला गाठते आणि डाव्या खांद्यावर जाऊन थांबते. मागच्या रेषेजवळ वर्तमानपत्राचं पूर्ण पान पसरा आणि २० पैकी किती त्यावर किंवा त्याच्या वीतभर आत पडतात ते लिहून ठेवा. फूल पायाजवळ सोडलं तर कोपर दुमडतं आणि जोर जातो. ही इथली नेहमीची चूक आहे.

नेटजवळ, आणि मग स्मॅश

नेटवर आलेल्या फुलाला मारू नका, झेला. लंज घ्या, रॅकेट नेटच्या वरच्या कडेइतकी उंच पुढे न्या, मूठ दोनवर सैल करा आणि फूल तारांवर टेकून पलीकडे लोळू द्या. जितकं उंच गाठाल तितकं सोपं. नेट मध्यभागी १.५२४ मीटर उंच असतं. कमरेखाली आलेलं फूल इतकं वर चढवून पुन्हा नेटलगत टाकणं सरावलेल्या हातालाही कठीण. उशीर झाला असेल तर सरळ लिफ्ट करा: तोच लंज, तोच लांब हात, आणि शेवटी बोटं आवळून फूल मागच्या रेषेपर्यंत उंच. लिफ्ट अर्ध्यात पडली की समोरचा स्मॅश मारणारच.

स्मॅश म्हणजे क्लिअरचीच सगळी तयारी, फक्त फूल आणखी हातभर पुढे गाठायचं आणि हात जास्त आत फिरवायचा. फूल पुढे नसेल तर स्मॅश मारू नका, क्लिअर मारा. हा एक निर्णय जमला तर निम्म्या चुका कमी होतात. जोरापेक्षा उतार महत्त्वाचा. कोर्टाच्या मध्यापासून सुरुवात करा, मागून मारायचा हट्ट नको. उडी मारून स्मॅश तर पूर्ण क्लिअर येईपर्यंत नकोच. धारचा प्रियांशू राजावत आपल्या इथून तासा-दीड तासाच्या अंतरावरच्या गावचा. २०२२ मध्ये थॉमस कप जिंकलेल्या भारतीय संघात तो होता. त्याच्या उडीच्या स्मॅशची चित्रफीत मंद करून पाहा: जमीन सोडण्याआधीच तो फुलाच्या मागे पोचलेला असतो.

मागच्या डाव्या कोपऱ्यातला बॅकहँड क्लिअर सध्या सोडून द्या. पाय हलवून ते फूल डोक्यावरून फोरहँडनेच घ्या. त्याने पायही सुधारतात.

तासाचा स्लॉट कसा वापरायचा

चौघं आले की दुहेरी सुरू होते आणि तासभर तीच चालते. दुहेरीत मजा आहे, पण नवख्याच्या वाट्याला फुलं कमी येतात आणि आलेली फुलं तो जुन्याच सवयीने मारतो. स्लॉटची पहिली २० मिनिटं बाजूला काढा आणि ती चौघांनी पाळा. दहा मिनिटं हलकं पळणं, हात-खांदे फिरवणं, पोटऱ्या सैल करणं. जानेवारीच्या सकाळी सहाला हे टाळलं तर पोटरी किंवा टाचेमागची शीर ओढलीच म्हणून समजा. पुढची दहा मिनिटं एकाच फटक्याची: सोमवारी क्लिअर, बुधवारी सर्व्हिस आणि नेट, शुक्रवारी पाय. मग खेळा. पोहे-जलेबी खेळून झाल्यावर खा. खाऊन आलात तर किमान दीड तास जाऊ द्या.

गल्लीतला खेळ बंद करायची गरज नाही. वारा असतो म्हणून तिथे क्लिअरचा सराव होत नाही, पण पकड बदलणं, बॅकहँडचे सपाट फटके आणि छोटी सर्व्हिस तिथे उत्तम होते.

दर पंधरा दिवसांनी मोबाइल कोर्टाच्या बाजूला, कमरेच्या उंचीवर ठेवून दहा क्लिअर मंदगती चित्रणात टिपा. तीनच गोष्टी पाहा: फुलाला लागताना रॅकेट डोक्याच्या पुढे आहे का, कोपर खांद्याच्या वर आहे का, आणि फटक्यानंतर उजवा पाय पुढे पडला का. एका वेळी एकच चूक सुधारा.

कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखू लागलं तर बहुतेकदा मूठ सतत आवळलेली असते, ग्रिप हाताला बारीक पडते, किंवा तार जास्त ताणलेली असते. आठवडाभर हात थांबवा, रॅकेटच्या मुठीवर एक ओव्हरग्रिप, म्हणजे वरून गुंडाळायची पट्टी, वाढवा, ताण दोन पौंडांनी उतरवा. खांद्याच्या पुढच्या बाजूला टोचत असेल तर कोपर खाली ठेवून मारणं चालू आहे, तेव्हा फेकीच्या सरावाकडे परत जा. आठवड्याच्या विश्रांतीनंतरही दुखणं तसंच राहिलं, किंवा घोटा सुजून पायावर भार देता येईना, तर कोर्टावर न जाता हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.